पेनड्राइव्ह अडकतोय म्हणून गेले आणि हार्डडिस्क वाचली: हरभट रोडच्या आतल्या बोळातलं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. दुकान छोटं आहे पण माझं काम मोठं केलंय त्यांनी, आणि आमच्यासारखे शूटिंग-मिक्सिंगवाले, डीटीपीवाले, झेरॉक्सवाले सांगली-मिरजेत भरपूर आहेत ज्यांचा रोजचा कितीतरी वेळ पेनड्राइव्ह कॉपी व्हायची वाट बघण्यात जातो, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

आमचं काम घरूनच चालतं, विश्रामबागला. मिस्टर शूटिंगला जातात, मी घरी मिक्सिंग (व्हिडिओ एडिटिंग) करते आणि करिष्मा अल्बमचं, म्हणजे छापील फोटोबुकचं, डिझाइन पण मीच. पूर्वी डीव्हीडी द्यायचो, आता कुणाकडं प्लेअरच राहिला नाही त्यामुळं पार्टीला पेनड्राइव्ह द्यावा लागतो, आणि एक देऊन भागत नाही, नवरीकडचा वेगळा, नवऱ्याकडचा वेगळा, मामांना एक, पुण्याच्या काकांना एक असं करत एका लग्नाचे चार-पाच सहज होतात. एका लग्नाचं फोटो आणि व्हिडिओ मिळून ४८-५० जीबी धरा. म्हणजे सीझनला माझा पीसी दिवसभर कॉपीच करत असतो.

तर यंदा एप्रिलपासून त्रास सुरू झाला. कॉपी लावली की सुरुवातीला जोरात पळायची, मग स्पीड खाली यायचा, मग ती हिरवी पट्टी एकदम सपाट आणि शून्य. दहा-दहा मिनिटं शून्यावर. मग परत थोडी हलायची, परत थांबायची. 'पाच सेकंद बाकी' असं दाखवून वीस मिनिटं बसलेली मी बघितलीय. कधीकधी पेनड्राइव्ह निघाल्याचा आवाज यायचा, टुंग करून, आणि कॉपी कॅन्सल. मी सगळं करून बघितलं, पेनड्राइव्ह फॉरमॅट मारला, दुसरा लावला, पीसी रिस्टार्ट केला, अँटीव्हायरस बदलला. एका ठिकाणी दाखवायला नेला तर त्यांनी बघितलंही नाही, 'विंडोज मारावं लागंल' म्हणाले आणि शिवाय दहा नवीन पेनड्राइव्ह दिले, स्वस्तात. विंडोज मारलं, आठशे रुपये गेले, दोन दिवस सॉफ्टवेअर परत टाकण्यात गेले आणि अडकणं तसंच.

त्यात तासगावच्या एका पार्टीचं झालं. त्यांच्या घरी पूजा होती, सगळे पाहुणे जमले होते, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि फोन आला, 'वहिनी, अक्षता पडायच्या आधीच व्हिडिओ बंद पडतोय.' मला इतकं वाईट वाटलं त्या दिवशी. त्या लोकांनी पैसे दिलेत, आयुष्यात एकदा होणारा कार्यक्रम, आणि चाळीस माणसं बसलीत टीव्हीसमोर. मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नवीन पेनड्राइव्ह देऊन आले, पण ते कशामुळं झालं हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते या दुकानात कळलं.

मिरजेला आम्ही जिथं अल्बम छापायला देतो तिथल्या मुलानं या दुकानाचा नंबर दिला. फोन केला तर दुकानवाल्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो, 'ताई, सगळ्याच लग्नांचं अडकायलंय का ठराविक लग्नांचं?' मी म्हटलं तसं काही बघितलं नाही हो. मग म्हणाले, 'नुसता पेनड्राइव्ह आणू नका, सीपीयू पण आणा, आणि जे कॉपी होईना ते फोल्डर हाय तसं त्यातच राहू द्या, काही डिलिट करू नका.' आजपर्यंत कुणी सीपीयू आणा म्हटलं नव्हतं, सगळे पेनड्राइव्हच बघत होते.

दुकान हरभट रोडवरून आत एका बोळात आहे, जिन्याखाली. गाडी लावायला जागा नाही, टू-व्हीलरच न्या, मी ॲक्टिव्हावर पायात सीपीयू ठेवून नेला. बसायला एकच स्टूल. आत एक काका आणि हाताखाली एक पोरगा. पण टेबल मात्र बघण्यासारखं, प्रत्येक वायरीला कागदी लेबल, आणि त्यांचा स्वतःचा एक टेस्टिंगचा पेनड्राइव्ह आहे, त्यावर लाल चिकटपट्टी, तो कुणाला देत नाहीत. म्हणाले याचा स्पीड मला पाठ हाय, त्यामुळं कुठल्या मशीनला लावला की लगेच कळतं मशीन कसं हाय ते.

आता त्यांनी काय केलं ते क्रमानं सांगते कारण मला हीच पद्धत फार आवडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन नाही. आणि प्रत्येक वेळी एकच मोठी फाइल कॉपी करायची, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून, आणि पोरगा वहीत लिहीत होता.

पहिल्यांदा माझा पेनड्राइव्ह त्यांच्या पीसीला, फाइल त्यांची. १२ जीबीची एक व्हिडिओ फाइल. सुरुवातीला सेकंदाला ८० एमबी दाखवत होता, तीन-चार जीबी झाल्यावर धाडकन १४ वर आला आणि शेवटपर्यंत १४ वरच राहिला. पण थांबला नाही. काका म्हणाले बघा, हा स्लो हाय पण अडकत नाही. स्लो असणं आणि अडकणं हे दोन वेगळे आजार आहेत हे मला तिथं पहिल्यांदा समजलं, मी दोन्हीला एकच समजत होते.

ते ८० वरून १४ का झालं तेही सांगितलं. स्वस्त पेनड्राइव्हमधल्या चिपमध्ये एका सेलमध्ये (डेटा ठेवायच्या बारीक कप्प्यात) तीन किंवा चार बिट कोंबलेले असतात, तसं लिहायला वेळ लागतो, म्हणून कंट्रोलर (पेनड्राइव्हमधला लिहिणं सांभाळणारा भाग) थोड्या भागात एका सेलला एकच बिट अशा पद्धतीनं पटपट लिहून घेतो. तो भाग भरला की मग खरा स्पीड दिसतो. म्हणजे पाकिटावरचं सोडा, पहिल्या मिनिटाचा स्पीडसुद्धा खरा नाही. आणि पाकिटावर जे 'अप टू १३० एमबी' वगैरे लिहिलेलं असतं तो वाचायचा स्पीड असतो, लिहायचा बहुतेक ठिकाणी लिहिलेलाच नसतो. आमचं सगळं काम लिहायचं. हिशोब करून दाखवला त्यांनी, ४८ जीबीला १४ च्या स्पीडनं साधारण ५७ मिनिटं लागणार, त्यात कुणाचा दोष नाही, पेनड्राइव्हच तेवढा आहे. २५ चा घेतला तर अर्ध्या तासावर येईल. घेताना यूएसबी ३ (यूएसबी २ पेक्षा फास्ट प्रकार) बघून घ्यायचा हे तर मला माहीत होतं पण यूएसबी ३ लिहिलेला पेनड्राइव्हसुद्धा १४ नं लिहू शकतो हे माहीत नव्हतं, कारण यूएसबी ३ हा रस्ता झाला, गाडी वेगळी.

दुसऱ्यांदा त्यांचा लाल पट्टीवाला पेनड्राइव्ह माझ्या सीपीयूला, पुढच्या पोर्टला, फाइल माझ्या सी ड्राइव्हमधली, सी माझा एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा फास्ट डिस्क) आहे. ३३ चा स्पीड. मग तोच पेनड्राइव्ह, तीच फाइल, मागच्या पोर्टला. १४० च्या आसपास! माझा पुढचा पोर्ट निळा आहे, मी समजत होते निळा म्हणजे यूएसबी ३. काकांनी झाकण काढलं तर पुढच्या पोर्टची वायर एक छोटा कन्व्हर्टर लावून मदरबोर्डच्या यूएसबी २ च्या नऊ पिनांवर बसवलेली होती, शेजारीच यूएसबी ३ चं मोठं सॉकेट रिकामं. असेंबल करताना कुणी असं का केलं माहीत नाही. यूएसबी २ म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट म्हणून आठानं भागलं की ६० एमबी, आणि प्रत्यक्षात ३५-४० च्या वर जातच नाही. आणि तो कन्व्हर्टर ढिला, वायरीला हात लागला की पेनड्राइव्ह निघाल्याचा टुंग आवाज. म्हणजे माझं ते मधेच कॅन्सल होणं इथून होतं. वायर नीट यूएसबी ३ च्या सॉकेटला बसवली, ते झालं. एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवलं पण की कुठला पेनड्राइव्ह कुठल्या स्पीडवर जोडलाय, नुसता पोर्टचा रंग बघून विश्वास ठेवायचा नाही.

इथं अजून एक बारीक गोष्ट कळली. यूएसबी ३ च्या पेनड्राइव्हला आतल्या बाजूला पाच पिना जादा असतात. हळूहळू, चाचपडत घातला तर बाहेरच्या चार पिना आधी टेकतात आणि कधीकधी मशीन त्याला यूएसबी २ म्हणूनच धरतं. सरळ एका दमात पूर्ण घालायचा. मी नखं जपत हळू घालणारी, आता सवय बदलली.

मला वाटलं झालं आता, सापडलं. पैसे किती विचारायला लागले तर काका म्हणाले थांबा ताई, आपलं अडकणं कुठं सापडलंय अजून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, दुसरा असता तर वायर बसवून पैसे घेऊन मोकळा झाला असता आणि मी आनंदानं घरी गेले असते.

तिसऱ्यांदा लाल पट्टीवाला मागच्या चांगल्या पोर्टला, आणि फाइल माझ्या डी ड्राइव्हमधली (डी म्हणजे माझी वेगळी हार्डडिस्क), जे फोल्डर अडकतं तेच. थोडं पळालं आणि सपाट. शून्य. त्यांचा चांगला पेनड्राइव्ह, चांगला पोर्ट, तरी शून्य. मग त्यांनी पेनड्राइव्ह काढूनच ठेवला बाजूला आणि तेच फोल्डर डी मधून सी मध्ये कॉपी करायला लावलं. तिथंही अडकलं. पेनड्राइव्ह कुठंच नाही आणि तरी अडकतंय. टास्क मॅनेजर उघडून दाखवलं, डी ची डिस्क १०० टक्के बिझी आणि स्पीड मात्र केबी मध्ये. मग एक सॉफ्टवेअर चालवलं जे हार्डडिस्कची तब्येत दाखवतं, तिथं पिवळ्या रंगात 'कॉशन', आणि पेंडिंग सेक्टरसमोर (डिस्कला वाचता न येणाऱ्या जागा) आकडा.

मी इतके दिवस पेनड्राइव्हला दोष देत होते आणि मरत होती माझी हार्डडिस्क. डी मध्ये त्या वेळी तीन लग्नं होती, त्यातल्या दोन पार्ट्यांना अजून काहीच दिलेलं नव्हतं. माझे हातपाय गार पडले अक्षरशः.

काकांनी समजावलं ते असं, हार्डडिस्कचा एखादा भाग खराब झाला की ती तिथलं वाचायला परत परत प्रयत्न करत बसते, तेवढा वेळ विंडोज थांबतं, आणि आपल्याला फक्त पेनड्राइव्हची पट्टी थांबलेली दिसते. पट्टीवर दोन माणसं काम करतायत, एक देणारा एक घेणारा, आपण घेणाऱ्यालाच बघत बसतो. म्हणून फोनवर विचारलं होतं ठराविक लग्नांचंच अडकतंय का. कारण जुनी लग्नं डिस्कच्या चांगल्या भागावर होती ती कॉपी व्हायची. हे मी घरीच बघितलं असतं तर दोन महिने आधी कळलं असतं.

आणि त्यांनी लगेच पीसी बंद केला. म्हणाले आता कॉपी करून बघायचं नाही, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) तर अजिबात मारायचं नाही, प्रत्येक प्रयत्नाला डिस्क अजून खराब होते. २०१९ च्या ऑगस्टच्या पुराचा विषय निघाला, त्या वेळी या भागात पाणी होतं, ते म्हणाले तेव्हापण हेच, ज्यांनी ओली डिस्क घाईनं पीसीला लावून बघितली त्यांचा डेटा गेला, ज्यांनी तशीच आणून दिली त्यातल्या काहींचा निघाला. मग डिस्क काढून घेतली, मला तीन साडेतीन हजार खर्च येईल सांगितलं, वर नवीन डिस्कचे वेगळे, आणि स्पष्ट सांगितलं की सगळं निघंलच असं नाही. विंडोजऐवजी लिनक्स चालवून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं काढतात ते. तो आधी जेवढं सहज वाचता येतंय तेवढं सगळं नव्या डिस्कवर घेतो आणि खराब जागा वहीत टिपल्यासारख्या नोंदवून ठेवतो, मग शेवटी त्या जागांवर परत परत जाऊन थोडं थोडं काढतो. विंडोजची कॉपी पहिल्या खड्ड्यातच अडकून बसते, हा खड्डे सोडून आधी सगळा रस्ता फिरून येतो.

दोन दिवस आणि एक रात्र लागली. त्या दोन दिवसांत मी नीट जेवले नाही, गणपतीला जाऊन आले. तिसऱ्या दिवशी फोन आला, हळदीतली एक क्लिप मधे तुटलीय आणि १४ फोटो उघडत नाहीत, बाकी सगळं निघालं. ती क्लिप आणि त्यातले बरेच फोटो नशिबानं मिस्टरांच्या कार्डमध्ये होते, कार्ड अजून फॉरमॅट केलं नव्हतं. पाच फोटो गेले, पंगतीचे. त्या पार्टीला मी खरं ते सांगितलं, त्यांनी समजून घेतलं.

आता तासगावचं. तो पेनड्राइव्ह मी बरोबर नेला होता. तो दुकानातला नवीन नव्हता, घाईत आमच्या घरातला वापरातला दिला होता. मागं कधीतरी मी एक व्हिडिओ बघून त्याला डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पॉलिसीजमध्ये 'बेटर परफॉर्मन्स' लावलं होतं, कॉपी फास्ट होते म्हणून. काकांनी सांगितलं की त्यानं पेनड्राइव्ह फास्ट होत नाही, विंडोज आपला डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि पट्टी पुढं पळवतं, म्हणून सुरुवातीला २०० वगैरे दिसतो, तेवढा स्पीड त्या पेनड्राइव्हच्या अंगातच नाही. मागून खरं लिहिणं चालूच असतं. पट्टी गेली म्हणून मी पेनड्राइव्ह उपसला आणि शेवटचा भाग रॅममध्येच राहिला. विंडोज १० मध्ये १८०९ व्हर्जनपासून 'क्विक रिमूव्हल' आपोआप असतं, तेच राहू द्यायचं. आणि काही असो, खाली घड्याळाशेजारच्या चिन्हावरून इजेक्ट करूनच काढायचा, आणि पार्टीला द्यायच्या आधी काढून परत लावून शेवटची फाइल शेवटपर्यंत पळवून बघायची. आता मी प्रत्येक पेनड्राइव्हचं हे करते, आशीर्वादाचा सीन लावून बघितल्याशिवाय पाकिटात घालत नाही.

टीव्हीचाही प्रश्न विचारून घेतला कारण तो आमच्या धंद्यात रोज येतो. पार्टी म्हणते तुमचा पेनड्राइव्ह टीव्हीत दिसत नाही. ६४ जीबीचे पेनड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतात आणि जुन्या टीव्हींना एक्सफॅट वाचता येत नाही, त्यांना फॅट३२ हा जुना फॉरमॅट लागतो. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि आमचा लग्नविधीचा व्हिडिओ एकटाच सहा-सात जीबी. म्हणून जुना टीव्ही असेल तर ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, फॅट३२, आणि व्हिडिओचे तुकडे, हळद वेगळी, विधी दोन भागात, वरात वेगळी. नवीन टीव्ही असेल तर एक्सफॅट आणि सलग. आता ऑर्डर घेतानाच विचारते टीव्ही किती जुना आहे.

फोटो का हळू जातात तेही. तीन हजार फोटो आणि तेवढ्याच साइझचा एक व्हिडिओ, फोटोंना कितीतरी जास्त वेळ, कारण प्रत्येक फाइलमागं पेनड्राइव्हला स्वतःची यादी परत लिहावी लागते, नाव, जागा, वेळ, सगळं. मिस्टरांच्या लॅपटॉपवरून माझ्या पीसीवर आणायचं असेल तर आता मी सगळ्याची एक झिप करते, कॉम्प्रेस न करता नुसती बांधून, आणि ती एकच फाइल नेते, बराच फरक पडतो. पार्टीला मात्र झिप देऊन उपयोग नाही, त्यांना टीव्हीवर बघायचंय.

ते दहा नवीन पेनड्राइव्ह पण काकांनी तपासले. एक प्रोग्राम आहे जो पूर्ण पेनड्राइव्ह भरून लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो, एचटूटेस्टडब्ल्यू. वेळ लागतो, ६४ चा नुसता लिहायलाच तास-सव्वा तास, मग वाचायचा वेगळा. पोरानं दोन दिवसांत दहाही केले. दहातले तीन नकली निघाले! विंडोजमध्ये ६४ दाखवतात आणि आत खरी जागा १६ ची. १६ च्या पुढं जे टाकाल ते कुठंच जात नाही, फाइलचं नाव दिसतं, साइझ दिसते, उघडायला गेलं की काही नाही. पाकीट अगदी ओरिजिनलसारखं. ज्यांनी दिले त्यांच्याकडं गेले तर बदलून द्यायला तयार नाहीत, 'आमच्याकडचं बिल कुठाय' म्हणे. बिल घेतलं नव्हतं मी. असो, ते तीन काकांनी कात्रीनं कापून टाकायला सांगितले म्हणजे चुकून कुणाला जायला नकोत. (आणि ६४ च्या जागी ५९ पॉइंट काहीतरी दिसतं ते मात्र नकली नसतं, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं, एवढाच फरक.)

हबचंही सांगितलं. मी एका स्वस्त हबला चार पेनड्राइव्ह लावून एकदम कॉपी लावायचे, वाटायचं वेळ वाचतो. एका पोर्टचा रस्ता चौघांत वाटला जातो आणि करंटही, यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेला, यूएसबी ३ चा ९००, त्यात चार बसवले की एखादा मधेच बंद पडतो. आता दोन मागं एक पुढं असे डायरेक्ट लावते. छोटे नखाएवढे धातूचे पेनड्राइव्ह सलग भरले की तापून हळू होतात, ते एक झालं की काढून गार होऊ द्यायचे. आणि कॉपी चालू असताना माझा वायरलेस माऊस अडखळायचा, मी सेल बदलत बसायचे, तर यूएसबी ३ चालू असताना तिथून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा अडथळा (नॉइज) निघतो आणि माऊसचा रिसीव्हर पण त्यावरच चालतो. रिसीव्हर पेनड्राइव्हपासून लांबच्या पोर्टला लावला, माऊस सरळ.

अँटीव्हायरस बंद करू का विचारलं तर ठाम नाही म्हणाले. बाहेरून फिरून आलेल्या पेनड्राइव्हमधल्या व्हायरसनं सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होतात ते सगळ्यांनी बघितलेलं आहे, थोडा स्पीड गेला तरी चालेल.

खर्च सांगते. तपासणी आणि पुढची वायर बसवणं मिळून ३०० रुपये. डेटा काढायचे ३५०० सांगितलेले तेवढेच घेतले, नवीन डिस्क मी बाहेरून आणून दिली तरी काही बोलले नाहीत. पेनड्राइव्ह तपासायचे प्रत्येकी २० रुपये. आणि जुनी डिस्क परत दिली, 'सहा महिने ठेवा, फेकू नका, काही राहिलंय असं वाटलं तर परत बघता येईल.'

तक्रारी आहेत, त्या पण लिहिते. फोन पहिल्या वेळेला उचलत नाहीत, हातात काम असतं. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितलं की लगेच देतात, पण न मागता द्यायला पाहिजे, माझं तर बिलावरूनच नुकसान झालंय. काम कधी होईल हे सांगतात त्याच्यापेक्षा एखादा दिवस जास्त धरूनच चला. आणि बायकांना उभं राहून वाट बघायला ती बोळाची जागा अवघड आहे, मी दोन तास उभी होते, अजून एक खुर्ची ठेवा काका ही माझी विनंती.

आता माझ्याकडं प्रत्येक लग्न दोन ठिकाणी असतं, एक डी वर आणि एक बाहेरच्या पोर्टेबल एसएसडीवर, आणि ती एसएसडी घरात नाही, माहेरी मिरजेला ठेवते. पार्टीनं सगळं बघून ओके म्हटल्याशिवाय मिस्टर कार्ड फॉरमॅट करत नाहीत. महिन्यातून एकदा डिस्कची तब्येत बघते, निळं, म्हणजे चांगलं, दिसलं की बरं वाटतं. ४८ जीबी आता अर्ध्या-पाऊण तासात होतं आणि एकदाही शून्यावर गेलेलं नाही.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, गर्दी नसते आणि काका निवांत बोलतात. सीपीयूची पॉवर केबल न्यायची गरज नाही, त्यांच्याकडं आहे, पण मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालू व्हायला लागणारी यूएसबी किल्ली) असेल तर ते बरोबर न्या, आणि कुठल्या फाइलवर किती टक्क्याला अडकतंय हे घरूनच कागदावर लिहून न्या, पहिलं तेच विचारतात.